नदीची नाणी आणू नयेत

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकापासून चालत सात मिनिटांवर आमच्या घरमालकांचं घर होतं. खाली ते एकटे आणि वर आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. तिथे आम्ही नऊ वर्षं राहिलो. त्या नऊ वर्षांत त्यांनी मला एकही खोटं वाक्य सांगितल्याचं आठवत नाही. ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललेलं वाक्यही आठवत नाही.

गल्ली त्यांना ‘सिक्केवाले बाबूजी’ म्हणायची, आम्ही काका म्हणायचो. ते एका कापड गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. गिरणी बंद पडली आणि पन्नाशीतला माणूस घरी बसला. पण घरी बसणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते ओट्यावर बसत. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा समोर एक उंच स्टूल, त्यावर घड्याळजीचं भिंग, सोनाराचा काटा आणि एक ओला रुमाल. लोक त्यांच्याकडे विचित्र दिसणारी नाणी घेऊन येत आणि ती टांकसाळीत चुकलेली आहेत की नंतर बिघडलेली, ते काका सांगत. पैसे घेत नसत.

टांकसाळीत चुकलेल्या नाण्याला शौकीन लोक चांगली किंमत देतात, ही बातमी त्या वर्षांत कुठून तरी उज्जैनला पोचली होती. नवीन आर्थिक धोरणाचे दिवस होते. शेअरचे फॉर्म पानाच्या दुकानावर मिळत होते. ज्याला शेअर परवडत नव्हते तो चिल्लर निरखून बघत होता. त्यामुळे काकांच्या ओट्यावर रविवारी आठ-दहा माणसं असायचीच.

त्यांचे निकाल दोनच शब्दांत असत, तेही हिंदीत. नाणं नंतर बिघडलेलं असेल तर म्हणायचे, “चलाओ.” म्हणजे बाजारात चालवून टाका. खरी चूक असेल तर, “रखो.” नऊ वर्षांत मी ‘रखो’ सहा वेळा ऐकलं. ‘चलाओ’ मोजायचं मी दुसऱ्या वर्षी सोडून दिलं.

एकदा देवास गेटकडचा एक हॉटेलवाला रुपयाचं नाणं घेऊन आला. ते पापडासारखं पसरलेलं होतं, अक्षरं लांबलेली.

“बाबूजी, टकसाल में मशीन ज़ोर से पड़ गई होगी.”

काकांनी भिंगसुद्धा उचललं नाही. “कौन सी गाड़ी थी?”

“जी?”

“पैसेंजर कि मालगाड़ी? पटरी पर रखा है किसी ने. चलाओ.”

“चलेगा कैसे? ये तो पापड़ हो गया है.”

“तो पापड़ के साथ दे देना.”

दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं निघालं तेव्हा एक दूधवाला ते काळजीने घेऊन आला होता. पूर्वीचं गोल होतं, याला कोपरे फुटलेत, म्हणून कुणी घेत नाही, अशी त्याची तक्रार. काकांनी आपल्या खिशातून तसंच दुसरं काढून शेजारी ठेवलं. दूधवाला म्हणाला, “आपके पास भी फँस गया?”

माझी आणि त्यांची ओळख काट्यावरून झाली. मी नापतौल खात्यात, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होतो. घर बघायला गेलो तो रविवार होता. काका एक चवली तोलत होते. मी म्हणालो, तुमचा काटा वीस मिलिग्रॅम जास्त दाखवतोय. ते म्हणाले, कशावरून? माझ्या बॅगेत तपासणीची वजनं होती. ती ठेवून दाखवली. बावीस निघाले. काकांनी काट्याचा स्क्रू फिरवला, पुन्हा तोललं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, “वर नळाला पाणी सकाळी सहा ते सात. उद्या सामान आणा.” भाड्याबद्दल नंतर बायकोनेच विचारलं.

घरात काकू नव्हत्या. मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या होत्या आणि तिकडेच राहिल्या. आम्ही आलो तेव्हा त्याला दीड वर्ष झालं होतं. भांडण झालेलं कुणी ऐकलेलं नव्हतं. महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं, त्यात नातवाचं वजन असायचं आणि ‘तब्येत जपा’ असायचं. कुणी विचारलं तर काका सांगायचे, “येणार आहे.” कधी ते सांगायचे नाहीत, कारण ते त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत नसलेलं ते बोलत नसत. दर दिवाळीला बाकीच्या खोल्यांना चुना लागायचा. स्वयंपाकघराला मात्र काकूंच्या पसंतीचा फिका हिरवा रंग. त्यात ते स्वतः फक्त खिचडी टाकायचे.

मला त्यांनी हा विषय शिकवला तो भैरवगढला नेऊन. तिथे कापडावर लाकडी ठप्पे मारून छपाई होते. त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे छपाईवाले होते, त्यांच्या पाटापाशी आम्ही दोन तास उभे राहिलो.

“बघत राहा,” काका म्हणाले. “बोलू नका.”

म्हाताऱ्याच्या ठप्प्यावरच्या एका पाकळीचा टवका उडाला होता. त्यामुळे प्रत्येक फुलात तीच पाकळी अर्धी येत होती. मी मोजली, चाळीसातल्या चाळीस फुलांत. मग एका जागी कापडाला चुणी पडली होती, ती त्यांच्या लक्षात आली नाही. ठप्पा चुणीवर बसला. कापड ताणल्यावर मधोमध पांढरी रेघ निघाली, फक्त त्या एका फुलात.

“भाईसाब खुश हैं मेरी गलती से,” म्हातारे माझ्याकडे बघून हसले.

“तुम्हारी गलती पे ही तो आए हैं,” काका म्हणाले. मग मला मराठीत म्हणाले, “हा ठप्प्याचा दोष, तो सगळीकडे येतो. हा कापडाचा दोष, तो एकदाच येतो. आणि हेच कापड उद्या धोब्याने दगडावर आपटलं तर तो धोब्याचा दोष. नाण्याचंही इतकंच आहे. लोक मला धोब्याचे दोष आणून दाखवतात आणि छापणाऱ्याच्या नावावर खपवतात.”

मग खुणा सांगितल्या. ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर रेघ उठून येते, कारण तड्यात धातू शिरतो. नंतर पडलेला ओरखडा खोल जातो. म्हणून बोट फिरवा, उठलेलं टांकसाळीचं, खणलेलं रस्त्याचं, बहुतेक वेळा. ‘बहुतेक’ हा शब्द ते कधी गाळत नसत. कुणी दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबतो आणि उलटी अक्षरं उमटवून आणतो. तेव्हा नाण्याची दुसरी बाजू बघा, तिची नक्षी चेपलेली असते.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चंद्रकोरीसारखा घास तुटलेलं नाणं. ते त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन समजावलं. बायको मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडत होती. काकांनी वाटी मागून घेतली आणि आधीच्या भोकावर थोडी चढवून दाबली. निघालेल्या पुरीची एक बाजू खाल्ल्यासारखी होती.

“पत्र्यातून चकत्या अशाच पाडतात. पत्रा पुढे सरकला नाही की अशी चकती निघते. आता पुढचं ऐका. मग तिची कड उठवायला तिला दोन्ही बाजूंनी दाबत फिरवतात. घासाची जागा आली की तिकडे दाब पडत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूलाही पडत नाही. त्यामुळे घासाच्या समोरची कड बुजकी, नीट न उठलेली राहते. कुणी कानशीने घास पाडला तर समोरची कड शाबूत असते. कानशीवाल्याला ही समोरची बाजू ठाऊकच नसते.”

“हे तुम्हाला टांकसाळीत कळलं का काका?” बायकोने विचारलं.

“टांकसाळ मी बघितलेली नाही. पुस्तकात वाचलं, पण समजलं नव्हतं. आमच्या हिने एकदा अशीच पुरी टाकली, तेव्हा समजलं.” वाटी त्यांनी धुऊन परत ठेवली. “तिलाही सांगितलं होतं हे सगळं. ती ऐकायची. पोळ्या करता करता ऐकायची.”

ओट्याच्या खांबावर त्यांनी एक पाटी लावली होती: ‘नदी के सिक्के न लाएँ.’ उज्जैनला याची गरज होती. यात्रेकरू रामघाटावर क्षिप्रेत नाणं टाकतो. नाववाला दोरीला चुंबक बांधून ते काढतो, कारण स्टीलचं नाणं चुंबकाला लागतं. ते फुलवालीकडे जातं, फुलवाली ते सुट्ट्यात पुढच्या यात्रेकरूला देते, तो पुन्हा नदीत टाकतो. अशी नाणी काळवंडलेली, घासलेली, दगडांत ठेचलेली असतात. काकांचं म्हणणं होतं की नदीचं नाणं म्हणजे सगळे धोब्याचेच दोष, त्यावर भिंग धरणं म्हणजे खामखा डोळे फोडणं. हा त्यांचा एकच नियम होता ज्यात ‘बहुतेक’ नव्हतं. एखाद्याने घाटावरून आणलंय असं चुकून सांगितलं की ते नाणं हातातही घेत नसत.

आम्ही राहायला आल्याच्या सातव्या वर्षी त्यांनी मला एक डालड्याचा डबा दिला. आत त्यांनी वर्षानुवर्षं नाकारलेली आणि आणणाऱ्यांनी तिथेच टाकून दिलेली नाणी होती. “सराव करा,” म्हणाले. “एकूण एक खराब आहेत. का खराब आहेत ते लिहून आणा.”

प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत होतं. पुडीवर सगळा तपशील: तारीख, आणणाऱ्याचं नाव, कारण. मी रोज ऑफिसमधून आल्यावर दहा-दहा तपासत होतो. एकशे शहाऐंशी पुड्या होत्या. एकशे एकतिसावी उघडली. वर लिहिलं होतं: ‘५० पैसे. रामघाट. आणणारी: सौ. नदीचं. न तपासता नाकारलं.’ तारीख काकू पुण्याला गेल्या त्याच्या चार महिने आधीची होती.

नाणं काळं पडलं होतं. एका बाजूला चंद्रकोरीसारखा घास होता. वजन असायला हवं तीन ग्रॅम एकोणऐंशी, भरलं तीन ग्रॅम सेहेचाळीस. मी ते फिरवून घासाच्या बरोबर समोरची कड बघितली. बुजकी होती. पुन्हा बघितली. घासाजवळची अक्षरं कापली गेलेली नव्हती. ती कडेकडे निमुळती होत गेली होती, जशी ठसा बसताना होतात. मग मी नाणं चिंचेच्या पाण्यात घालून ठेवलं, दुसऱ्या दिवशी धुऊन तिसऱ्यांदा बघितलं.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे काकू बरोबर होत्या?”

“काकूंनी काही म्हटलं होतं का ते माहीत नाही. नाणं खरं आहे, एवढंच.”

“मग त्यांना सांगू नका. त्यांचं वय बघा. आता कळून काय करतील?”

“त्यांनी मला कारण लिहून आणायला सांगितलंय. मी काय लिहू?”

“तुम्ही दोघं एकाच साच्यातले,” ती म्हणाली. नंतर दोन दिवस आमच्यात तो विषय निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “सांगितलंत?” नव्हतं सांगितलं. मलाही भीती वाटत होती. काकूंचं येणं हा त्या घरातला एकच विषय असा होता ज्याला आम्ही कुणी हात लावत नव्हतो.

रविवारी बारा वाजता माणसं गेल्यावर मी ती पुडी स्टुलावर ठेवली. काकांनी आधी अक्षर वाचलं, आपलंच. मग भिंग डोळ्याला लावलं. घास बघितला. नाणं फिरवलं. भिंग बराच वेळ खाली आलं नाही. मग तोललं. वजन त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मी मान हलवली.

“समोरची कड,” ते म्हणाले.

“हो.”

“हे मी बघितलं नव्हतं.”

“तुम्ही तसंच लिहिलंय काका. न तपासता.”

“लिहिलंय खरं.” त्यांनी पुडीची घडी पूर्ववत घातली. “तुम्हाला सांगतो. ती पायऱ्यांवर तिथे उभी होती. चार माणसं बसली होती. तिने हात पुढे केला. मी विचारलं, कुठलं? म्हणाली, घाटावर सुट्ट्यात आलं. मी पाटीकडे बोट दाखवलं. माणसं हसली. मीही हसलो. नाणं स्टुलावर ठेवून ती आत गेली.”



“त्यानंतर तिने मला कधी नाणं दाखवलं नाही,” काका म्हणाले. “मला वाटलं, हौस संपली.”

पुढच्या रविवारी ओटा बंद होता. सकाळी ते मला टावर चौकातल्या एसटीडी बूथवर घेऊन गेले. रविवारी दर कमी असे. त्यांनी एक कागद आणला होता, त्यावर बोलायचं ते लिहिलेलं होतं. काचेच्या खोलीत दोघांना जागा नव्हती म्हणून दार उघडं ठेवून मी बाहेर उभा राहिलो. लाल आकडे पळायला लागले.

“मी बोलतोय. हो, बरा आहे. तुझं ते आठ आण्याचं नाणं. घाटावरचं. ते खरं आहे. टांकसाळीतलीच चूक आहे. माझा निकाल चुकला.” कागद संपला. पलीकडून काहीतरी आलं. काका म्हणाले, “हो.” मग पुन्हा, “हो. बरं.” आणि रिसीव्हर ठेवला. अठ्ठेचाळीस सेकंद.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मग आता मी काय करू?”

परत येताना ते तीन वेळा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, “तिला काय करायचंय? करायचं मला आहे. तिच्या हातात द्यायला पाहिजे ते.”

बुधवारी ते पुण्याला गेले. नाणं पाकिटात, भिंग वरच्या खिशात. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो होतो. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. दोन तिकिटं लागतील की एक, ते माहीत नाही, म्हणाले.

अकरा दिवस तिथे राहून ते एकटे परत आले. मी पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग खालच्या खोलीत गेलो. त्यांनी खिडक्या उघडल्या, घड्याळाला चावी दिली आणि खाटेवर बसले.

“दाखवलंत नाणं?”

“पहिल्याच दिवशी. म्हटलं, ये, भिंगातून बघ, ही समोरची कड. तिने भिंग घेतलं नाही. म्हणाली, मी बघितली होती.”

“कधी?”

“तेव्हाच. घाटावरून आणल्यावर तीन दिवस तिने ते आपल्याकडे ठेवलं होतं. माझं भिंग घेऊन, मी बाजारात गेलो असताना, समोरची कड बघितली. पक्की खात्री केली आणि मग आणलं. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही बघाल असं वाटलं होतं.”

“रागावलेल्या होत्या?”

“नाही. रागावलेली असती तर बरं होतं. चांगली वागली. नाणं ठेवून घेतलं. नातवाला शाळेत सोडायला जाते, सोसायटीतल्या बायकांत भजनाला जाते. तिचं तिकडे सगळं नीट लागलंय. मी आपला खुर्चीत बसायचो.”

तेवढ्यात समोरच्या घरातल्या भाभी दारात आल्या. “बाबूजी, आ गए? माताजी कब आ रही हैं?”

“नहीं आएँगी,” काका म्हणाले.

भाभी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पिशवी टेबलावर ठेवली. हे उत्तर त्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवसांनी त्यांना चक्कर आली, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तीन वर्षांपासून त्यांना मधुमेह होता आणि साखर पूर्ण बंद होती. काकूंना पाठवलेल्या पोस्टकार्डात त्यांनी ते कधी लिहिलं नव्हतं. उपाशीपोटी रक्तातली साखर दोनशे अडुसष्ट निघाली. डॉक्टर चिडले.

“आपका तो हमेशा काबू में रहता है. मीठा खाया?”

“चाय पी.”

“कितनी?”

“सुबह-शाम एक-एक. ग्यारह दिन. बाईस कप.”

“शक्करवाली?”

“दो-दो चम्मच. पहले मैं वैसी ही पीता था.”

“घर में किसी ने रोका नहीं?”

“उसे मालूम नहीं था,” काका म्हणाले. “और मैंने बताया नहीं.”